घराण्याचे माप

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दंडवत पोहोचावा. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच घडला असे मानून घ्यावे.) तुझे गुडघे कसे आहेत ते सविस्तर कळवावे. भाऊजींचे कानाचे यंत्र दुरुस्त होऊन आले का, तेही कळवावे. मागे मी त्यांना फोनवर प्रकृती विचारली असता त्यांनी मला घड्याळात पाहून वेळ सांगितली आणि फोन ठेवला. इकडे माझे बरे चालले आहे. तुझ्या भावजयीचे तर इतके बरे चालले आहे की त्याविषयीच हे पत्र लिहावे लागत आहे.

विषय नाजूक आहे. तुझ्या वयाला आणि माझ्या पांढऱ्या केसांना तो शोभणारा नाही, हे मी जाणतो. परंतु सारी नोकरी मी सरकारी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली, आणि मूळ प्रतीत जो शब्द आहे तो तपासणाऱ्याने लाजून गाळायचा नाही, अशी आमच्याकडे शिस्त होती. येथे मूळ प्रतीत ‘ब्रा’ हा शब्द आहे. तो मी एकदा लिहिला. आता भीड चेपली. आपल्या घरात त्या वस्तूला नावच नव्हते, हे तुला आठवत असेल. आई तिला ‘आतलं’ म्हणे, काकू ‘ते हे’ म्हणत, आणि तू नुसती भुवई वर करायचीस. दोरीवर ती टॉवेलाखाली वाळत असे. (टॉवेल धुतलेला असो वा नसो, त्याची नेमणूक त्याच कामावर होती.) ज्या वस्तूला नाव नाही तिला माप तरी कुठून असणार? पण माप होते, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

आपल्या घराण्याचे माप चौतीस. ते कुणी ठरवले, कशावरून ठरवले, याचा पुरावा उपलब्ध नाही. आईने स्वतःसाठी म्हणून एकदा चौतीस आणले, आणि ‘एकीला एक, दुसरीला दुसरं, असला भेदभाव माझ्या घरात नको’ या तत्त्वावर पुढे सर्व बायकांसाठी तेच येऊ लागले. आई कपाटासारखी भरदार, तू छत्रीच्या काडीसारखी, काकू सर्व बाजूंनी गोल, आणि मागून आलेली तुझी भावजय या सर्वांच्या मधली कुठेतरी; पण पेटीतली जी वर असेल ती उचलायची आणि निमूट अंगात चढवायची. जिला सैल होई ती टाके घाली. जिला घट्ट होई ती मागे जुन्या चादरीची पट्टी जोडी. जिला एकीकडे सैल आणि दुसरीकडे घट्ट होई, ती सेफ्टी पिन लावून गप्प बसे. नवी सून घरात सामावली की नाही हे आई ती चौतीसमध्ये मावली की नाही यावरूनच ओळखत असावी. तुझी भावजय मावली. न मावून सांगते कुणाला?

आई गेल्यावर ही खरेदी माझ्याकडे आली. मी वर्षातून एकदा त्याच दुकानात जाई, छताच्या पंख्याकडे पाहून ‘नेहमीचे’ एवढाच शब्द उच्चारी, आणि दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा माझ्याकडे न पाहता पुढे सरकवी. दोन सभ्य पुरुषांमधला याहून निर्दोष व्यवहार माझ्या पाहण्यात नाही. (ज्या बाईसाठी गठ्ठा आहे तिला एकदा विचारायला काय झाले होते, असे हल्ली आमची सून म्हणते. सुनेला हे लग्नानंतर सुचले. तिच्या सासूला लग्नानंतर असे काही सुचायची सोय नव्हती.)

आता नाटकाकडे येतो, कारण नाटक नसते तर चौतीसचे राज्य अबाधित राहिले असते. इथल्या हौशी मंडळींनी एक नाटक बसवायला घेतले आहे आणि त्यात मुख्य काम तुझ्या भावजयीला मिळाले आहे. शाळेत असताना तिने झाडाचे काम केले होते. त्यानंतर रंगमंचावर चढण्याचा हा पहिलाच प्रसंग. काम न्यायाधीशाचे आहे आणि पिंजऱ्यातला आरोपी तिचाच मुलगा आहे. शेवटच्या प्रवेशात ती उभी राहते, उजवा हात उचलते आणि निकाल देते: ‘तू माझा मुलगा आहेस हे या खुर्चीला ठाऊक नाही, आणि या खुर्चीला जे ठाऊक नाही ते आज मला ठाऊक असून चालणार नाही, म्हणून ज्या हाताने तुला चालायला शिकवले त्याच हाताने मी तुझ्या शिक्षेखाली सही करीत आहे.’ वाक्य उत्तम आहे. (लेखकाने त्याची तीन किरकोळ वाक्ये केली होती. मी ती जोडून दिली.)

दिग्दर्शक हा दिवसा लोकांना मोटार चालवायला शिकवतो. हे जोडवाक्य त्याला फार आवडले आणि ते एका दमात आलेच पाहिजे, अशी त्याने अट घातली. तुझ्या भावजयीला ते येईना. पहिल्या खुर्चीपाशी ती थांबे, धापा टाकी, दुसऱ्या खुर्चीपाशी पुन्हा थांबे. ऐकणाऱ्याला ते न्यायालय न वाटता फर्निचरचे दुकान वाटे. त्यात हात उचलला की खांद्यावरचा पट्टा घसरे आणि डाव्या हाताने तो वर ओढण्यात निकालाचा उरलेला भाग जाई. दिग्दर्शक ओरडे, ‘काकू, चढावर गाडी बंद पाडताय! क्लच सोडू नका!’ कोपऱ्यात औषधांच्या दुकानाची मालकीण उभी असे. तिला नाटकात लहानसे काम आहे. पण हा निकाल तिने पाठ केला होता, तुझ्या भावजयीबरोबर ती नुसते ओठ हलवी, आणि वाक्य संपताच आपल्याला अजून कितीतरी श्वास शिल्लक आहे हे कळावे अशा बेताने उसासा सोडी. अखेर दिग्दर्शकाने स्पष्टच सांगितले, ‘पुढच्या तालमीला एका दमात आलं नाही, तर स्टीअरिंग यांच्या हातात.’

घरी येऊन तुझी भावजय स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘मला हे काम हवंय हो.’ ताई, इतक्या वर्षांच्या संसारात ‘मला हवंय’ हे मी तिच्या तोंडून ऐकलेले नव्हते. आपल्याला काय हवे आहे हे ती मला विचारून ठरवत असे. मला उपाय करणे भाग पडले.

दोष विरामांचा आहे असे माझे निदान झाले. मी तिला मुख्य वाक्य कोणते आणि गौण कोणते हे तांबड्या पेन्सिलीने दाखवून दिले. भिंतीवर कागदाचा तुकडा फुंकरीने धरून ठेवायला लावला. मेणबत्ती समोर ठेवून ज्योत न हलवता निकाल म्हणायला लावला. तुझी भावजय निळी पडली. ‘अहो, मला श्वास पुरत नाही,’ असे ती म्हणाली तेव्हा ‘श्वास पुरतो, शिस्त पुरत नाही’ असे मी उत्तर दिले. (वाक्य चांगले जमले होते. त्यावर तिने मेणबत्ती विझवली.) मग मात्र मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले, न जाणो, खरोखरच काही असायचे.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि आवाजाने मोठ्या आहेत. मी पडद्याबाहेर बसलो होतो. हृदय ठीक, फुप्फुसे ठीक, असे ऐकू आले. आणि मग, ‘काकू, हे काय आवळलंय? पोतं बांधतात का असं?’ तुझी भावजय पुटपुटली, ‘घरचं आहे.’ ‘घरचं म्हणजे? साइज काय?’ तिला तो सांगता येईना. माहिती असलेल्याने गप्प बसू नये म्हणून मी पडद्याबाहेरूनच सांगितले, ‘चौतीस. परंपरेने.’ त्यावर आत जे हसणे सुरू झाले ते दोन आवाजांचे होते, हे मी येथे नमूद करतो. मेणबत्तीचा प्रकार तुझ्या भावजयीने आत सांगितला असावा, कारण नंतर बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले की बरगड्यांवर तांबडा वळ आहे, खांद्यावरच्या खाचेत बोट बसते, आणि एवढ्या घट्ट पट्ट्यात मेणबत्ती विझणार नाही तर माणूस विझेल. भार पाठीच्या पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्यांनी नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. हात वर केले तर तो जागचा हलता कामा नये. ‘औषध नाही, दुकानात जा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि काका, तुम्ही बाहेर बसा.’

प्रथम आम्ही नेहमीच्या दुकानात गेलो. तिथे आता जुन्या दुकानदाराचा मुलगा बसतो. वडील पंख्याकडे पाहणाऱ्याला समजून घेत. मुलगा गिऱ्हाइकाकडे पाहतो. ‘टेपबिप काही लागत नाही, काकू. मी नुसतं बघून सांगतो. छत्तीस.’ तुझी भावजय म्हणाली, ‘इतकं स्वच्छ दिसतं तर चष्म्याच्या जाहिरातीत काम कर, बाळा,’ आणि पायरी उतरली. मी तिच्या मागोमाग उतरलो. (इतक्या वर्षांचा निर्दोष व्यवहार एका वाक्यात संपला.)

तेथून एका मोठ्या दुकानात. भिंतींवर तरुण स्त्रियांची चित्रे होती आणि त्या सगळ्या कारणाशिवाय हसत होत्या. त्यांना वाक्ये म्हणायची नसावीत. एका मुलीने तुझ्या भावजयीच्या स्वेटरवरून टेप फिरवली, जो आकडा आला त्यात चार मिळवले, मग त्याला एक इंग्रजी अक्षर जोडले आणि चाळीस असे सांगितले. मी विचारले, ‘हे चार कशाचे?’ ती म्हणाली, ‘सगळ्यांनाच मिळवतात, काका.’ ‘पण का?’ ‘मला शिकवलं तसं.’ सरकारी छापखान्यात एखाद्याने अंदाजपत्रकात असे चार मिळवले असते तर त्याची चौकशी झाली असती. इथे चौकशी करणारा मी एकटाच, आणि मला बाकावर जाऊन बसायला सांगण्यात आले.

त्या बाकाबद्दल सांगितले पाहिजे. कपडे घालून पाहण्याच्या खोल्यांसमोर तो ठेवलेला आहे आणि त्यावर नवरे बसतात. प्रत्येकाच्या मांडीवर बायकोची पर्स, प्रत्येकाची नजर जमिनीवर. कोणी कोणाशी बोलत नाही. दात काढायला आलेली माणसे यापेक्षा मोकळी असतात. तिथे बसून मी सुनेला फोन लावला, कारण तिच्याकडे संगणकावर माप काढण्याची युक्ती आहे. युक्ती अशी की ती आधी प्रश्न विचारते. आवाज नीट पोहोचेना, म्हणून मला प्रत्येक प्रश्न मोठ्याने पुन्हा उच्चारावा लागला. ‘आकार कोणत्या फळासारखा आहे? नासपती की खरबूज?’ एवढे मी उच्चारले आणि बाकावरचे सर्व नवरे एका वेळी थोडे दूर सरकले. पडद्यामागून तुझी भावजय गरजली, ‘ठेवा तो फोन! भाजी घ्यायला आलोय का आपण?’ मी फोन ठेवला. पण सुनेने तोवर बेचाळीस असे सांगून टाकले होते. म्हणजे एका दुकानात छत्तीस, दुसऱ्यात चाळीस, घरातून बेचाळीस, आणि अंगात चौतीस. बाई तीच.

मग पडद्यातून तिने विचारले, ‘अहो, माझं वाक्य पाठ आहे ना तुम्हाला?’ मला पाठ असणारच. ते मीच जोडलेले. ‘मग मी म्हणते. कुठे तुटतं तेवढं सांगा.’

ताई, त्यापुढे जे झाले ते माप घेण्याच्या कोणत्याही पद्धतीत बसत नाही. ती एकेक चढवी, हात उचली आणि पडद्याआडून खणखणीत आवाजात स्वतःच्या मुलाला शिक्षा देऊ लागे. मी बाहेरून सांगे, ‘पहिल्या खुर्चीवर तुटलं. पुढची.’ ‘दुसऱ्या खुर्चीवर. पुढची.’ ‘हातापर्यंत आलीस, पण ओढाताण ऐकू येते. पुढची.’ ‘सहीपर्यंत पोहोचलीस, क्रियापदाला श्वास उरला नाही. फार थोडक्यात हुकली. त्याच जातीतली दुसरी बघ.’ दुकानातली मुलगी आधी हसली, मग घाबरली, मग गळ्यातली टेप विसरून पडद्याच्या फटीतून गठ्ठे आत देऊ लागली. मध्येच शेजारच्या खोलीतून एक बाई बाहेर आली, त्याच क्षणी आतून ‘शिक्षेखाली सही’ असे गडगडले, आणि बाकावरचा तिचा नवरा पर्ससकट उभा राहून म्हणाला, ‘मी फक्त मित्राकडे गेलो होतो.’ त्याला कोणी काही विचारलेले नव्हते. त्यांचे पुढे काय झाले ते कळू शकले नाही. ती दोघे काही न घेता गेली.

आणि मग एकदा वाक्य तुटलेच नाही. पहिली खुर्ची गेली, दुसरी खुर्ची गेली, हात आला, सही आली, क्रियापद आले, पूर्णविराम आला, आणि पूर्णविरामानंतरही पडद्यामागे श्वास शिल्लक होता, कारण ती लगेच म्हणाली, ‘हीच.’ लेबलावर अडतीस होते आणि पुढे एक अक्षर होते, ते मी लिहीत नाही. कोणाच्याही भाकितात ते नव्हते. मुलीने लेबल पाहिले, आपली टेप पाहिली आणि ‘असं होतं कधीकधी’ असे म्हणून विषय मिटवला. ‘काढून द्या, काकू, बांधून देते,’ ती म्हणाली. ‘ही काढणार नाही,’ तुझी भावजय म्हणाली, ‘जुनी बांध. नाहीतर असं कर, टाकूनच दे.’ घराण्याचे माप त्या दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यात गेले. मी अडवायला हवे होते का, हे ठरण्यापूर्वी झाकण लागले.

तालीम काल झाली. तिने हात उचलला, तो उचललेलाच राहिला, आणि निकाल असा एकसंध आला की दिग्दर्शक ब्रेक म्हणायचेही विसरला. औषधवाल्या बाईंनी सवयीने उसासा सोडला, पण या वेळी तो विजयाचा नव्हता. मग दिग्दर्शक एवढेच म्हणाला, ‘काकू, गाडी तुमचीच.’

येथे तुला वाटेल, सर्व गोड झाले. तसे नाही, माझे काय झाले ते कोणी विचारत नाही. तुला ठाऊकच आहे की आमच्या घरात संभाषण फार सुरळीत चाले. ती बोले, मध्ये थांबे, त्या जागेत मी माझे मत सांगे, आणि तेच ठरे. तिचे थांबणे म्हणजे ‘तुम्हाला काय वाटतं?’ असाच अर्थ मी घेत आलो, आणि त्याला ती कधी हरकत घेत नसे. आता कळते की ती केवळ श्वास घेत होती. आज सकाळी तिने मला सांगितले की पुढच्या खोलीतले माझे टेबल खिडकीपासून हलवायचे आहे कारण तिला तिथे उभे राहून पाठ करायचे आहे आणि मी छापखान्यात नोकरीला नसल्यामुळे मला उजेडाची तेवढी गरज नाही आणि नाश्त्यानंतर कप ज्याचा त्याने विसळायचा आहे. हे सर्व एक वाक्य होते. त्यात कोठेही शिरायला जागा नव्हती. मी वाट पाहत राहिलो आणि टेबल हलले.

तू अजून चौतीसच वापरतेस का, हे मी विचारणार नाही. ते तुझी भावजय विचारील, आणि ती एका दमात विचारील, तेव्हा उत्तर तयार ठेव. भाऊजींना नमस्कार सांग, मोठ्याने सांग. लोभ आहेच, त्यात दोन बोटे जातील एवढी जागा असावी.

तुझा,
ज्याला मध्ये बोलू दिले जात नाही असा,
धाकटा भाऊ

ताजा कलम: पत्राचे खरे कारण राहूनच गेले. पिंजऱ्यातल्या आरोपीचे काम करणारा तरुण परवा नाटक सोडून गेला आणि दिग्दर्शकाने ते काम माझ्या गळ्यात घातले. न्यायाधीशाच्या मुलाचे काम न्यायाधीशाच्या नवऱ्याने करायचे! ‘काका, लांबून वय कळत नाही, आणि पडलेला चेहरा तुमच्याकडे तयारच आहे,’ असे तो म्हणतो. या कामाला एकही वाक्य नाही. सर्व नाटकभर मान खाली घालून उभे राहायचे आणि शेवटी तिचे ऐकून घ्यायचे. मी नाही म्हटले तर ती ऐकत नाही. तू वडीलधारी आहेस, तुझा शब्द ती मोडत नाही. तेव्हा ‘एवढा वेळ उभे राहणे त्याच्या पाठीला झेपणार नाही’ असे तिला दोन ओळींत कळव. मी असे लिहिले आहे हे कळवू नकोस.

ता. क. (हे मी लिहितेय, ताई.) नमस्कार. हे पाकिटाला गोंद शोधायला उठले तेवढ्यात पत्र वाचलं. आरोपीचं काम कुणी गळ्यात वगैरे घातलेलं नाही. तो आधीचा मुलगा चांगला करत होता. ‘तू उभा चुकीचा राहतोस, तू ऐकतोस चुकीचं’ करून ह्यांनीच त्याला पळवला आणि स्वतः जाऊन काम मागून घेतलं. दिग्दर्शक म्हणाला, काका, वय? तर म्हणाले, मान खाली असते, कुणाला दिसणार आहे? कालच्या तालमीत मी निकाल दिला तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळ्यांना वाटलं, काय हा अभिनय. घरी येताना मी विचारलं, का हो, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, वाक्य पूर्ण झालं. तेव्हा पाठीचं कारण लिहू नका, पाठ ठणठणीत आहे. प्रयोगाला या, दोघंही या, पुढच्या रांगेत जागा धरते, आणि एक दिवस आधी या म्हणजे मी तुम्हाला त्या दुकानात नेते, तुम्ही तिथे काय म्हणायचं ते आपण ठरवू, तुमच्याकडे पण बोलायचं राहिलेलं खूप असेल. ह्यांना ह्याच्याखाली आणखी एक ताजा कलम घालता येऊ नये म्हणून पाकीट मीच चिकटवते आहे.